खरखऱ्या आवाजाचा मुद्रितशोधक

मार्चमधल्या एका भर दुपारी देवचंद अहिरेचा कॉम्प्युटर बोलला. त्याआधी आठ वर्षं तो टेबलावर मुकाट बसून होता.

देवचंदला फक्त नवं पान हवं होतं. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की नवं पान येतं, हे त्याच्या बोटांना झोपेतही ठाऊक. पण हिवाळ्यापासून बोटांची आणि कळांची चुकामूक होत होती. त्या दुपारी कंट्रोलशेजारची खिडकीचं चित्र असलेली कळही बोटाखाली आली, आणि स्पीकरमधून एक पुरुषी आवाज स्वच्छ इंग्रजीत काहीतरी सांगू लागला.

पलीकडे त्याची बायको कलाबाई लग्नपत्रिकांच्या घड्या घालत होती.

“कोन बोलनं?” तिनं विचारलं.

“मशीन बोलनं.”

“मशीन बोलस का कधी? तुमना फोन व्हई.”

फोन खिशात गप्प होता. देवचंदनं बाणाची कळ दाबली, आवाजानं कळीचं नाव सांगितलं. त्यानं पुन्हा दाबली, आवाजानं पुन्हा सांगितलं. कलाबाईनं हातातली पत्रिका खाली ठेवली आणि ती उठून कॉम्प्युटरच्या मागे जाऊन पाहून आली. तिथे भिंत होती.

धुळ्याच्या देवपूर भागात ‘प्रज्ञा ग्राफिक्स’ नावाचं एका शटरचं दुकान आहे. देवचंद तिथे सव्वीस वर्षं मराठी मजकूर जुळवतो. लग्नाच्या पत्रिका, चौदा एप्रिलचे बॅनर, दशक्रियेच्या चिठ्ठ्या, ग्रामपंचायतीचे अहवाल, कवींची स्वखर्चाची पुस्तकं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. त्याआधी तो टाइपरायटरवर होता. वय सत्तावन्न. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं गेली आहे. उजव्या डोळ्यानं त्याला दिसतं, पण पेरूच्या फोडीला भोक पाडून त्यातून पाहावं तेवढंच. समोरच्या माणसाचं नाक दिसलं तर कान दिसत नाहीत. डॉक्टरांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली थेंब टाकून टिकवायची. किती दिवस टिकेल, हे त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं देवचंदनं शांतपणे ऐकून घेतलं असतं. पण टेबलावर साडीचं एक खोकं होतं.

खोकं तोताराम नानांचं. नाना साक्रीचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एक्याऐंशी. एकतीस वर्षं ते खान्देशी बोलीतले, म्हणजे अहिराणीतले शब्द चिठ्ठ्यांवर टिपत आले. बाजारात, शेतात, लग्नाच्या मांडवात, एस.टी.त. चार हजारांवर चिठ्ठ्या, दोन खोकी. पहिल्या खोक्यात अ ते न, दुसऱ्यात प ते ह. प्रत्येक चिठ्ठीवर वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य, आणि सगळ्यात खाली सांगणाऱ्याचं नाव. नावाशिवाय नानांनी एकही शब्द घेतला नाही. “शब्द उचलना आनि मानूस सोडना, ती चोरी शे,” असं ते म्हणायचे.

त्यातल्या काही चिठ्ठ्यांवर ‘सांगणारी : ठगूबाई अहिरे’ असं लिहिलेलं आहे. ठगूबाई ही देवचंदची आई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती अकरा वर्षांपूर्वी गेली. तिचा एक फोटो आहे. आवाज कुठेच नाही.

नानांनी पुस्तक देवचंदकडे दिलं ते म्हणूनच. पण पहिल्या फर्म्याचं, म्हणजे सोळा पानांचं प्रूफ गेलं आणि त्यात नानांना त्रेचाळीस चुका सापडल्या. नाना स्वतः धुळ्याला आले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं.

“देवचंद, तुना डोया थकना.”

“नाना, अजून एक फर्मा.”

“एक देस. दहाना आत चुका पाहिजेत. त्यावर गयात तर दुसरं खोकं मी तुले देणार नई. मना बी वय व्हयनं. माले पुस्तक हातमा धरानं शे.”

नानांनी मुदत दिवाळीपर्यंत दिली. दुसरं खोकं साक्रीत, त्यांच्या पलंगाखाली राहिलं. ठगूबाईचे बहुतेक शब्द त्यात होते.

म्हणून मशीन बोललं तेव्हा देवचंदनं ते बंद केलं नाही. त्यानं नानांची फाइल उघडली आणि कर्सर पहिल्या शब्दावर नेला. आवाज म्हणाला, “एल, सेमीकोलन, डॉलर, कॅपिटल एच…” देवचंदनं पुढच्या शब्दावर नेलं. तिथेही तसंच. कुणी कीर्तनात टेलिफोन डिरेक्टरी वाचावी तसं चाललं होतं.

त्यानं जळगावला कादरला फोन लावला. कादर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पंधरा वर्षांपूर्वी देवचंदची जळालेली हार्ड डिस्क त्यानं उघडून एका आमदाराचा वाढदिवस विशेषांक वाचवला होता, तेव्हापासूनची ओळख.

“भाऊ, वो नॅरेटर आहे, पडद्यावरचं वाचून दाखवतो,” कादर हसला. “चुकून चालू झाला. बंद कसा करायचा सांगू?”

“बंद कसा करायचा ते नंतर सांग. आधी हा आला कुठून ते सांग.”

“आला कुठून म्हणजे? आतच आहे. विंडोजबरोबर येतो.”

“माझ्या या मशीनमध्ये? आठ वर्षं?”

“आठ वर्षं. मॅकमध्येही असतो, लिनक्समध्येही. वेगळा घ्यावा लागत नाही. तुमच्याच घरात एक खोली होती भाऊ, तुम्ही दार उघडलं नाही.”

देवचंदनं विचारलं, या तिघांत मराठी नीट कोण वाचतो? हा प्रश्न कादरला आजवर कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाइकं वेग विचारतात, गेम चालेल का विचारतात.

“बुधवारी या,” तो म्हणाला. “तिन्ही टेबलावर मांडून ठेवतो.”

बुधवारी देवचंद आणि कलाबाई सकाळच्या बसनं पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचले. गोलाणी मार्केटच्या पायऱ्या कलाबाईनं त्याला दंडाला धरून चढवल्या. कादरनं खरंच तीन लॅपटॉप ओळीनं मांडले होते. डावीकडे विंडोजचा, मधे एका फोटोग्राफरनं विकायला ठेवलेला मॅक, उजवीकडे दहा वर्षांचा एक जुना, कोपरा फुटलेला, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातलेली.

“पोरगी पाहायला आल्यासारखं मांडलं,” कलाबाई म्हणाली.

“भाभी, पसंती भाऊंची. हुंडा काही नाही,” कादर म्हणाला.

आधी भिंगं पाहून झाली. तिन्हींच्या आत भिंग असतं, हेही देवचंदला नवं होतं. विंडोजवर खिडकीची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की अख्खा पडदा फुगतो. मॅकवर कंट्रोल धरून बोट सरकवलं की पाणी चढावं तसं सगळं सावकाश जवळ येतं. शिवाय एक कळ धरून शब्दावर बाण नेला की तोच शब्द वेगळ्या पाटीवर मोठा होऊन उभा राहतो. ही पाटी पाहून देवचंद बराच वेळ बाण फिरवत बसला, जत्रेत दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसासारखा. लिनक्सचं भिंग साधं होतं, पण होतं.

एकही भिंग कामाला आलं नाही. याचं कारण कादरला कळेना, ते देवचंदनंच सांगितलं. अक्षर बारीक दिसतंय ही त्याची अडचण नव्हतीच. त्याला भोकातून दिसत होतं. अक्षर जितकं मोठं केलं, तितकी कमी अक्षरं त्या भोकात मावत. ‘शब्दसंग्रह’ फुगवला की त्याला नुसता ‘ब्द’ दिसे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं केली तेव्हा डोळ्यांची चुरचुर कमी झाली. ती सोयही तिघांकडे होती. पण वाचणं त्यानं होणार नव्हतं.

“म्हणजे कानच,” कादर म्हणाला.

देवचंदनं पेन ड्राइव्ह दिला. विंडोजनं नानांची फाइल वाचली, एल, सेमीकोलन, डॉलर. मॅकनं तेच. लिनक्सनं तेच, फक्त घोगऱ्या आवाजात. कादरनं आवाज बदलले, भाषा बदलल्या. तीन प्रतिस्पर्धी, एकमेकांचं तोंड न पाहणारे, आणि तिघांचं या एका बाबतीत एकमत.

“तिन्ही बिघडेल शेतस,” कलाबाई म्हणाली.

कादरनं मान हलवली. “तिन्ही बरोबर आहेत भाभी. फाइलमध्ये तेच आहे.”

मग त्यानं समजावून सांगितलं. देवचंद सव्वीस वर्षं ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत होता, त्यात मशीनला मराठी माहीतच नसतं. आत इंग्रजी अक्षर असतं, डॉलरचं चिन्ह असतं, आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चं चित्र चढवतो. छापून निघालं की डोळ्याला मराठी. मशीनला विचारलं तर डॉलर.

देवचंदला हे एका क्षणात कळलं, कारण साक्रीकडच्या गावात त्यानं लहानपणी भोवाडा पाहिला होता. लाकडी मुखवटा चढवून सोंग नाचतं. बाहेरून रावण, आत गावातलाच माणूस. त्यानं आयुष्यभर मुखवटेच रंगवले होते. कुठे वेलांटी अक्षरापासून लांब पडली तर दुसरी एखादी रेघ आणून चिकटवायची, जोडाक्षर मोडलं तर दोन तुकडे सांधायचे, डोळ्याला बरोबर दिसलं की काम झालं. ही त्याची कारागिरी होती आणि धुळ्यात तिला नाव होतं. आता कळलं की ते सगळं फक्त डोळ्यांसाठी होतं.

कादरनं चहा मागवला.

चहा येईपर्यंत कादरनं तिन्ही मशिनींवर मराठीचा युनिकोड कीबोर्ड, म्हणजे आतही मराठीच अक्षर ठेवणारा, सुरू केला. तोही आतच होता. “आता तुमच्या गावचं एक वाक्य सांगा,” तो म्हणाला.

“तू काय करी ऱ्हायना?” कलाबाईनं सांगितलं.

कादरनं एकेक अक्षर शोधत ते टाइप केलं. विंडोजच्या यादीत त्याला मराठी आवाज सापडला नव्हता, म्हणून हिंदी लावला होता. तो भोपाळहून आलेल्या पाहुण्यासारखं आदबशीर वाचू लागला. मॅकच्या यादीत मराठी होती. तिथल्या बाईनं वाक्य इतकं मऊ म्हटलं की कादरच्या शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं. लिनक्सचा आवाज रेशनच्या रांगेतल्या माणसाचा होता. खरखरीत, नाकातला, घाईतला. पण “करी ऱ्हायना” असं त्यानं स्वच्छ म्हटलं.

देवचंदचा हात चहाच्या ग्लासावर होता तसाच राहिला. पडद्यावर त्या वाक्याखाली लाल रेघा होत्या. शुद्धलेखन तपासणाऱ्याला ‘ऱ्हायना’ माहीत नव्हतं. तिन्ही मशिनींनी तो शब्द चूक म्हणून अधोरेखित केला होता. आणि तरी तिन्ही मशिनींनी तो म्हटला होता. तपासनीस नको म्हणत होता, आवाजाची काही हरकत नव्हती.

“ह्यांना अहिराणी कुणी शिकवली?” त्यानं विचारलं.

“कुणी नाही. अक्षर लिहिलं तसं वाचतात. मराठीत काय, जे लिहिलं तेच बोलायचं. इंग्रजीसारखी भानगड नाही.”

देवचंदनं चाळीस वर्षं ही अक्षरं हाताळली होती. न ऐकलेला शब्दही त्यांच्यावरून कुणालाही, निर्जीव पेटीलाही म्हणता येतो, ही त्यांची ताकद त्याच्या ध्यानात कधी आली नव्हती. त्यानं कादरला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

“पुरे,” कलाबाई म्हणाली. “काय करी ऱ्हायना, काय करी ऱ्हायना. तेच इचारी ऱ्हायना तो तुमले. उत्तर द्या.”

पण देवचंद मुद्रितशोधनासाठी आला होता, ऐकायला नाही. त्यानं परीक्षा सुचवली. कादरनं बारा-बारा ओळींचे तीन उतारे टाइप करायचे, प्रत्येकात कानाला कळतील अशा दहा चुका पेरायच्या. एखादं अक्षर गाळायचं, एखादा शब्द दोनदा, एखादा काना जास्त. देवचंदनं पडद्याकडे पाठ करून ऐकायचं आणि चूक आली की टेबलावर टिचकी मारायची. कलाबाईनं टिचक्या मोजायच्या.

विंडोजच्या हिंदी आवाजात त्यानं सहा पकडल्या. मॅकच्या बाईच्या आवाजात सात. लिनक्सच्या खरखऱ्या आवाजात दहाच्या दहा, वर एक अकरावी, जी कादरनं पेरली नव्हती. त्याच्या हातून झाली होती.

“भाऊ, उतारा सोपा पडला असेल,” कादर म्हणाला. त्यानं उतारे अदलाबदल करून पुन्हा परीक्षा घेतली. आकडे एक-दोननं हलले, क्रम हलला नाही.

कादरला याचा उलगडा होईना. मॅकचा आवाज उघडच सरस होता. देवचंदनं विचार करून सांगितलं, “ती बाई गोड म्हणते. गोड ऐकताना माणूस पुढचा शब्द मनात आधीच म्हणून टाकतो. चूक तशीच निघून जाते. हा गडी प्रत्येक अक्षर खडा टाकल्यासारखा टाकतो. खडा चुकला की टोचतो.”

“मॅकची किंमतही टोचते,” कादर म्हणाला.

“तसंबी ती बाई आपला घरमा नांदती नई,” कलाबाई म्हणाली. “बठ्ठा दिवस गोड बोलनारी बाई घरमा नको.”

कोपरा फुटलेला लॅपटॉप कलाबाईच्या पिशवीतून धुळ्याला आला. आवाजाचा वेग कितीही वाढवता येतो हे कादरनं जाता जाता दाखवलं. सुरुवातीला देवचंदला हळू लागायचा. जूनपर्यंत त्यानं तो इतका वाढवला की दुकानात येणाऱ्यांना भांड्यांचा कारखाना चालल्यासारखं वाटे, आणि देवचंद मधेच हात वर करून म्हणे, “थांब, ‘निंबू’ दोनदा झाला.”

पण त्याआधी बोटांचं शिक्षण व्हायचं होतं. कादरनं जुन्या फाइलीचं युनिकोड करून पाहिलं. देवचंदनं जिथे जिथे रेघा चिकटवून अक्षरं साधली होती, तिथे तिथे काटेरी झुडपं उगवली. डागडुजी करण्यापेक्षा अ पासून पुन्हा टाइप करणं बरं. आणि तिन्ही मशिनींत आतच मिळणारी मराठी कळांची मांडणी टाइपरायटरची नव्हती. टाइपरायटरवर ज्या बोटानं ‘क’ येतो, तिथे भलतंच काही होतं. सत्तावन्नाव्या वर्षी देवचंदनं कलाबाईकडून पुठ्ठ्यावर कळांचा नकाशा काढून घेतला आणि पाठ करायला बसला.

दोन दिवसांनी त्यानं कादरला फोन केला. काही बिघडलं म्हणून नव्हे.

“कादर, ही मांडणी कुणी केली रे?”

“सरकारी आहे भाऊ. जुनी आहे.”

“तू पाहिली का नीट? सगळे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. एका कळीवर क, शिफ्ट धरली की ख. ग, घ. त, थ. प, फ. मुळाक्षरांचा तक्ताच आहे, नुसता आडवा टाकलेला. पाहावं लागत नाही.”

“मी पाहूनच टाइप करतो भाऊ.”

“म्हणून तुला कळलं नाही.”

दुसरी गोष्ट त्यानं फोनवर सांगितली नाही, कारण ती धंद्याबाहेरच्या माणसाला कळली नसती. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग ‘क’. देवचंदचा हात चाळीस वर्षं असाच चालला. नव्या मांडणीत आधी ‘क’, मग वेलांटी. तोंडातून जसं निघतं, त्या क्रमानं. चित्र कसं दिसेल ते मशीन पाहून घेतं. पहिले पंधरा दिवस त्याची प्रत्येक वेलांटी चुकली. वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटून बसे आणि खरखरा आवाज लगेच चुगली करी. सोळाव्या दिवशी सकाळी त्याच्या लक्षात आलं की आपण डोळे मिटून टाइप करतो आहोत, आणि बरंच आधीपासून.

कामाची रीत अशी बसली. कलाबाई चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. देवचंद टाइप करायचा. मशीन ते परत म्हणायचं. तिघांच्या तोंडून शब्द सारखा निघाला तर पुढची चिठ्ठी. पहिली-दुसरी वेलांटी, पहिला-दुसरा उकार कानाला दगा देतात, म्हणून तेवढ्यासाठी संध्याकाळी कलाबाई पडदा डोळ्यांनी तपासायची. सातवीपर्यंत शिकलेली कलाबाई माहेरची साक्री तालुक्यातलीच. तिच्यामुळे कामाला उशीरही झाला, कारण तिला नानांचे अर्थ सरसकट मान्य नव्हते.

“‘कळणा’नी चिठ्ठी बायनी सांगेल नई. हाई मानूसनं काम शे. कळणाना पीठमा उडीद किती ते लिखंच नई.”

“तू फक्त वाच.”

“वाचस. पण भाकर थापाले नानाले बलाव, मंग समजी.”

देवचंदनं तिचं म्हणणं मजकुरात घातलं नाही. लेखकाची चूक लेखकाला विचारल्याशिवाय दुरुस्त करायची नाही, हा अक्षरजुळाऱ्याचा जुना नियम. पण तिच्या शंकांसाठी त्यानं वेगळी फाइल उघडली, आणि आवाज तीही वाचून दाखवू लागला. कलाबाईनं आपलं वाक्य मशीनच्या तोंडून ऐकलं. मग पदर सारखा करून म्हणाली, “नाव टाका खाले. सांगणारी : कलाबाई.”

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरा फर्मा छापून तयार झाला. तोवर देवचंदच्या डोळ्यापुढचं भोक आणखी आवळलं होतं. साक्रीला जाताना बसच्या खिडकीतून त्याला कुसुंब्याची पाटी दिसली नाही. कंडक्टरनं नाव पुकारलं तेव्हा कळलं.

साक्रीत नाना ओट्यावर बसले होते. शेजारी भिंग, लाल पेन, पाण्याचा तांब्या. त्यांनी सोळा पानं घेतली आणि वाचायला सुरुवात केली. देवचंद समोर बसला, लॅपटॉपची पिशवी मांडीवर. कलाबाई आत नानांच्या सुनेशी बोलायला गेली आणि लगेच परत येऊन उंबऱ्यावर बसली.

दोन तास लागले. लाल पेनचं टोपण पहिल्यांदा निघालं ते चौथ्या पानावर. मग अकराव्या. मग चौदाव्या. देवचंदला पेन दिसत नव्हतं, पानं उलटल्याचा आणि टोपणाचा आवाज येत होता. चौथ्यांदा तो आला नाही.

“तीन,” नाना म्हणाले.

“चौथ्या पानावर काय आहे नाना?”

“‘खळं’ना अर्थ अर्धाच शे.”

“चिठ्ठीतच अर्धा आहे. अकराव्यावर सांगणाऱ्याचं आडनाव नाही, तेही चिठ्ठीत नाही. मी विचारायचं म्हणून ठेवलंय. चौदाव्यावरची माझी.”

नानांनी चिठ्ठ्या मागितल्या, भिंगातून पाहिल्या आणि पेन खाली ठेवलं. “कोनी वाचं हाई प्रूफ?”

देवचंदनं लॅपटॉप उघडला. वेग कमी केला, नानांना कळेल इतका. खरखरा आवाज पहिल्या पानापासून वाचू लागला. शब्द, अर्थ, वाक्य, नाव. गावोगावच्या माणसांची नावं तो एकाच सुरात घेत होता, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. नाना पुढे वाकले. एका शब्दावर त्यांनी हात वर केला, “हेल काढा पाहिजे तठे,” असं बोटानं दाखवलं, आणि मग मशीनला हात दाखवून उपयोग नाही हे ध्यानात येऊन तो खाली घेतला.

“याले कोनी शिकाडं?”

“कोनीच नई, नाना. अक्षर जशे तशे वाचस.”

नाना उठले. आत जाऊन वाकले, पलंगाखालून खोकं ओढल्याचा आवाज आला. सून मदतीला धावली, तिला त्यांनी नको म्हटलं. साडीचं दुसरं खोकं त्यांनी स्वतः आणून ओट्यावर ठेवलं, सुतळी सोडली आणि शेवटाकडून चाचपत एक चिठ्ठी काढली. पिवळी पडलेली, एकोणीसशे शहाण्णव सालची. ती त्यांनी कलाबाईच्या हातात दिली.

कलाबाईनं वाचली. “हिवाया. अर्थ, हिवाळा. वाक्य, ‘हिवाया लागना, गोधडी काढ वं माय.’ सांगणारी, ठगूबाई अहिरे.”

देवचंदची बोटं कळांवर होती. डावी तर्जनी एका उंचवट्यावर, उजवी दुसऱ्यावर. ते दोन उंचवटे सापडले की बाकीच्या कळा आपापल्या जागी असतात. त्यानं टाइप केलं. आधी ‘ह’, मग वेलांटी.

आवाजानं वाक्य म्हटलं. त्यात ठगूबाईचं काहीच नव्हतं, ना हेल, ना घोगरेपणा, ना बाईमाणसाचा गळा. शब्द मात्र तिचे होते, तिनं ठेवले त्याच क्रमानं, आणि ते साक्रीच्या एका ओट्यावर मोठ्यानं बोलले जात होते.

देवचंदनं मान जरा कलती केली, चूक शोधताना करतो तशी. चूक नव्हती.

“आखो एकदाव,” नाना म्हणाले.

त्यानं कळ दाबली.